खाऱ्या वाऱ्याचं पाखरू

चैत्र शुद्ध ८, शके १८०६. नौपाडा, ठाणे

खुणा आजपासून ठरवल्या. म. म्हणजे मतलई, पहाटे घाटाकडून समुद्राकडे जाते ती कोरडी झुळूक. खा. म्हणजे खारा, दुपारी समुद्राकडून उलटा येतो तो. बाकी जे दिसेल ते पाखरू.

आज सकाळी म., दुपारी खा. पांगाऱ्यावर भोरड्यांचा गोंगाट. आमच्या मीठखात्याच्या कचेरीत चार कारकून एकत्र आले म्हणजे होतो त्याहून कमी, आणि अर्थ त्याहून जास्त.

आत्याबाई पनवेलहून आल्या. पाय धुवायच्या आत सुरुवात. "बायको दहा महिने माहेरी, नवरा हातानं भात उकडतोय. लोक तोंडात शेण घालतात रे." म्हटलं, लोकांच्या घरी शेण फार झालं असेल. त्यावर रात्री भाकरी करपवून वाढली.

चैत्र शुद्ध ९

म., मग खा.

आत्याबाईंचं खरं काम आज कळलं. पदराला एक स्थळ बांधून आणलंय. सिंहस्थ लागला की वर्षभर लग्नं बंद, तेव्हा आषाढाच्या आत दुसरी करून मोकळा हो. मुलगी बारा वर्षांची, गोरी, घरकाम येतं. गाय विकायची असती तरी याहून चार गोष्टी जास्त सांगितल्या असत्या.

"पहिलीला आणायला जा नाहीतर दुसरी कर. मधल्यामध्ये लोंबकळत काय राहिलायस?"

यशोदा येणार नाही असं कोण म्हणतं? मी म्हणतो, येईल. तिचं डोकं ठिकाणावर आणायचं तेवढं काम आहे. ते मीच करणार, आमचे भटजी जोशीबुवा नव्हे.

चैत्र शुद्ध ११

आत्याबाईंना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, त्यांनी ऐकलेलं भलतंच होतं. त्यांच्या मते घरात घुबड शिरलं होतं. धन्य!

झालं ते एवढंच. गेल्या वैशाख वद्यात एका सकाळी बाळाच्या पाळण्याखाली एक पाखरू दिसलं. पाठ हिरवी, पोटाखाली लाल, पंखावर निळा तुकडा, डोळ्यावरून काळा पट्टा. शेपूट जवळजवळ नाहीच. मी काठीनं हुसकून बाहेर काढलं आणि कचेरीत गेलो. चौथ्या दिवशी बाळ तापानं गेला. आठ महिन्यांचा होता. त्या आठवड्यात या गल्लीत आणखी दोन पोरं तापानं आजारी होती, त्यांच्या घरी काही चिमणी शिरली नव्हती.

पण जोशीबुवांना कोण सांगणार? त्यांनी पोथी काढली. पोथीत असलं पाखरू नाही. मग म्हणाले, हा कपोतच. कपोत घरात शिरला म्हणजे यमाचा दूत शिरला, होम घालून शांत करा, नाहीतर घर सोडा. मी म्हटलं, बुवा, कपोत म्हणजे पारवा, आणि पारव्याला हातभर नाही तरी वीतभर शेपूट असते. तर म्हणतात कसे, शास्त्राला शेपटीशी कर्तव्य नाही!

यशोदेनं मात्र ऐकलं. माझं नव्हे, बुवांचं. "त्या घरात मी पाऊल ठेवायची नाही" म्हणाली आणि कल्याणला माहेरी गेली ती गेलीच. तात्यांचा, म्हणजे सासऱ्यांचा, निरोप: शांत करा किंवा घर बदला, लगेच पाठवतो. मी म्हणतो, नाही. बिनशेपटीच्या पाखराला भिऊन घर बदलू? उद्या पाल पडली म्हणून ठाणं सोडू?

चैत्र वद्य २

आज पहाटे म. नाही. दक्षिणेकडून हलकी झुळूक, दुपारपर्यंत टिकली.

आणि मासुंदा तळ्याच्या काठावरचे परीट पक्षी गायब! आठ-पंधरा दिवस शेपट्या हलवत, चिखलात चोची मारत फिरत होते. काल संध्याकाळी होते, आज एक नाही. उत्तरेला जायचं तर पाठीवर दक्षिणेचा वारा हवा, एवढं त्या मूठभर जिवाला कळतं. तात्यांना कळत नाही. ते दक्षिण दिशा म्हटली की आधी यम आठवतात.

माझं म्हणणं हळूहळू जमायला लागलंय. पाखरू दिसलं त्या सकाळी न्हाणीच्या चुलीचा धूर घरात आला होता. पक्कं आठवतं, कारण डोळे चुरचुरले म्हणून मी यशोदेवर ओरडलो होतो. न्हाणी घराच्या पश्चिमेला. पहाटे मतलई असली की धूर पलीकडे जातो, घरात येत नाही. म्हणजे त्या पहाटे मतलई नव्हती. खाराच होता, आणि दुपारी उगवलेला नव्हे, रात्रभर वाहिलेला. पाखरू त्याच वाऱ्यावर चढून कुठून तरी खालून आलं, दमलं, उजाडताना जी जागा दिसली तिथे पडलं. ती जागा आमचं घर. संपलं. यात यम कुठे बसतो?

आता तसाच वारा यायला हवा. तशीच पाखरं पडायला हवीत, आणि दुसऱ्यांच्या घरात. मग यशोदेला हाताला धरून दाखवतो.

चैत्र वद्य ५

भोरड्या गेल्या. झाड एकदम मुकं. कचेरी तशीच चालू.

चैत्र वद्य ९

म., खा. काही नाही.

कचेरीच्या गोऱ्या साहेबानं जाहीर केलंय, जो कोणी अपूर्व पाखरू आणील त्याला बक्षीस. त्याला कातडी सोलून, आत कापूस भरून विलायतेला पाठवायची हौस. झालं, सगळा कळवा खाडीपलीकडून कामाला लागला. आज एकानं आणलं ते बघून साहेब खुर्चीवरून उठला. पिवळं पोट, गुलाबी डोकं! मी जवळ जाऊन बघितलं. साळुंकी होती. हळदीत आणि रंगपंचमीच्या उरल्या गुलालात बुडवून काढलेली. बिचारीला शिंका येत होत्या.

साहेबानं तिचं वजन केलं, पंख मोजले, वारा कुठला होता ते मला विचारलं. मी सांगितलं, खारा. हे मात्र खरं होतं. आणणाऱ्यानं रुपया कनवटीला लावून मला डोळा घातला. साळुंकी विलायतेला जाणार म्हणून मला गप्प बसवेना, पण साहेबाला शहाणं करायचं काम सरकारनं मला दिलेलं नाही.

वैशाख शुद्ध ३

नाना आला होता, यशोदेचा भाऊ. कोर्टाचं काम होतं म्हणे. चांगला मुलगा, पण वाक्य सुरू केलं की संपवेपर्यंत दिवाळी येते.

त्याला कार्तिकात मुलगा झालाय. हे मला आज कळतंय. माझ्यापासून लपवलं असणार, दृष्ट लागेल म्हणून. माझी!

"ताई त्याला खाली ठेवतच नाही," नाना म्हणाला. "आईकडेसुद्धा देत नाही. पाळण्यात घातला की रात्रभर पाळण्यापाशी बसून."

मी विचारलं, माझं काही बोलते का. नानानं आधी गूळ-पाणी संपवलं. मग म्हणाला, "बोलत नाही. पण ठाण्याची गाडी आली की दारात येऊन उभी राहते."

हे त्यानं नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. मिठाच्या पोत्यांचा आकडा तीनदा चुकलो.

वैशाख शुद्ध १२

म., खा. ऊन असं की कौलं तडतडतात.

आत्याबाई गेल्या एकदाच्या. जाताना: "आषाढापर्यंत थांबायला सांगते त्यांना." म्हटलं, त्यांना सांगा मुलीला शाळेत घाला. मला वेडा ठरवून गेल्या. चला, तेवढी तरी सोय झाली.

वैशाख वद्य ४

जोशीबुवा रस्त्यात भेटले. मला अडवून, भर रस्त्यात, चार लोकांसमोर: "गेल्या वर्षीची तिथी जवळ आली हो. याच पंधरवड्यात. दूत परत येतो. अजून वेळ आहे, शांत करून घ्या."

विचारलं, दूत पंचांग बघून निघतो का? बुवा म्हणाले, अर्थातच. लोकांनी माना डोलावल्या. या गावाच्या माना नुसत्या डोलवण्यासाठी बसवल्यात.

मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पाखरू तिथीला येणार नाही. पहाटेची मतलई ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी येईल. आणि यमाच्या यादीप्रमाणे नव्हे, वाटेल त्याच्या घरी येईल. बुवा हसले. हसू दे.

वैशाख वद्य ८

बुवांची तिथी. पहाटे म., अगदी व्यवस्थित. न्हाणीचा धूर पलीकडे. पाखरू नाही. गल्लीत एक कावळा मेला तो बघायला मात्र गर्दी झाली.

वैशाख वद्य ११

तात्यांचा निरोप, नानाकरवी तोंडी. हा पंधरवडा निर्विघ्न गेला म्हणजे शांत न करताही चालेल असं त्यांच्या कल्याणच्या भटजींचं मत पडलंय, मात्र घर बदलायलाच हवं. दोन भटजी, दोन मतं, आणि दोघांना पाखराची चोच कुठे असते तेही माहीत नाही.

यशोदेचा काही निरोप? नाना: "नाही." मग निघताना: "विचारत होती, परसातला मोगरा जगला का."

जगलाय. मी पाणी घालतो रोज. हे सांगितलं नाही. नानाला म्हटलं, मोगऱ्याला काय धाड भरलीय.

ज्येष्ठ शुद्ध १

मतलई अगदी नावाला. उजाडल्यावर घटकाभर, मग खा.

मिठागरांवर धावपळ. रात्रीसुद्धा हवा ओली, राशी पाझरायला लागल्या. साहेब विचारतो, मीठ ओलं कसं? याला कलेक्टर करून पाठवतात!

ज्येष्ठ शुद्ध ३

आली! पाखरं आली.

काल दिवे लागल्यापासून नैर्ऋत्येचा वारा, रात्रभर एकसारखा. पहाटे मतलई नाहीच. न्हाणीची चूल पेटवली तर धूर सरळ माजघरात. डोळ्यांतून पाणी, आणि मी आनंदानं नाचायचा बाकी.

अंगरखा अडकवून बाहेर. पहिलं मीठकचेरीच्या ओसरीवर, वह्यांच्या कपाटाखाली. तेच! हिरवी पाठ, निळा तुकडा, बिनशेपटीचं. पहारेकऱ्यानं बाहेर हाकललं, उडालं बिचारं कसंबसं.

दुसरं चेंदणीला, मारीबायकडे. ख्रिस्ती बाई, भाजी विकते, आमच्याकडेही देते. तिच्या खुराड्यात कोंबड्यांच्या मध्ये बसलेलं. तिनं डालग्याखाली झाकून पाणी ठेवलं होतं, तिची दोन नातवंडं भोवती बसून बघत होती. विचारलं, भीती नाही वाटली? "भ्याचं काय त्यात दादा? दमलंय पाखरू. देवानं धाडलं, र्‍हाईल, जाईल." देव मध्ये घातलाच, पण निदान यम नाही घातला.

आणि तिसरं! हे लिहिताना हसू आवरत नाही. जोशीबुवांच्या घरी. मी त्यांच्या दारावरून येत होतो, तर आत झाडूचे फटके. बुवा सोवळ्यात, हातात केरसुणी, आणि ते पाखरू देवघराच्या उंबऱ्यावरून उड्या मारत पुढे. बुवांनी ते बाहेर लोटलं, रस्त्यावर इकडे तिकडे बघितलं, मला बघितलं. "चिमणी शिरली होती," म्हणाले.

"शांत कधी करताय?" मी विचारलं. दार लावून घेतलं त्यांनी.

बस! आता यशोदेला दाखवायचं. नुसतं सांगून काय होणार, तिला ते पाखरूच दाखवतो. दमलेलं, कोंबड्यांत बसणारं, पाणी पिणारं पाखरू. मारीबायकडून डालगं घेतलं, पाखरासकट. आत्ता दुपारच्या गाडीनं कल्याण.

ज्येष्ठ शुद्ध ४

काल परत आल्यावर लिहायला बसलो नाही. आज लिहितो.

पारनाक्यावर तात्यांचं घर. दारात यशोदा उभी होती. ठाण्याची गाडी आली की उभी राहते, नाना म्हणाला होता. मला बघून आत गेली. वाळली आहे. कपाळाचं कुंकू तेवढं पूर्वीसारखं मोठं.

तात्या झोपाळ्यावर. मी पाय न धुताच सांगायला लागलो, धूर, वारा, मतलई, तीन घरं, बुवांची केरसुणी. तात्या झोपाळा थांबवून ऐकत होते, मला वाटलं पटतंय. म्हणून म्हटलं, हे बघा, हेच ते! आणि डालग्याचं झाकण उचललं.

मी शहाणा. साऱ्या ठाण्याला नावं ठेवणारा मी!

पाखरू उडालं नाही. टुणटुण उड्या मारत माजघरात गेलं. जमिनीवर चालणारं, अंधार धुंडाळणारं पाखरू ते. माजघरात अंधारी जागा एकच होती. नानाच्या मुलाचा पाळणा. त्याच्या खाली जाऊन बसलं.

बायका किंचाळल्या. नानाच्या बायकोनं मूल उचललं आणि रडायलाच लागली. सासूबाई भिंतीला टेकून खाली. तात्या झोपाळ्यावरून उठले. "बाहेर! जावईबापू, आत्ताच्या आत्ता बाहेर! मेलं तुमचं शहाणपण! तुमचं घर बुडवलंत, आता आमचं बुडवायला आलात?"

मी तसाच उभा. हातात झाकण.

मग यशोदा आली, स्वयंपाकघरातून. पाळण्याखाली वाकली, दोन्ही हात पुढे करून पाखरू धरलं, पदरात घेतलं. सवय असल्यासारखं. मागीलदारानं परसात गेली. मी मागे.

लिंबाच्या झाडाखाली बसलो. तिनं पदर उघडला नाही. पाखराचं डोकं तेवढं बाहेर, डोळे मिटत होतं.

"इकडून वाऱ्याचं काय सांगणं चाललं होतं?" तिनं विचारलं.

पुन्हा सगळं सांगितलं. मन लावून ऐकलं तिनं. बुवांच्या केरसुणीलासुद्धा हसली नाही.

मग म्हणाली, "अंगणापर्यंत वाऱ्यानं आणलं असेल. घरात मी आणलं."

मला समजेना.

"तुळशीपाशी बसलं होतं. धापा टाकत होतं. असंच पदरात घेतलं. बाळाला दाखवलं. हसला. असा कधी हसला नव्हता, आवाज करून. मग पाळण्याखाली ठेवलं, त्याला बघता यावं म्हणून. इकडून काठी घेऊन येणं झालं तेव्हा मी न्हाणीपाशी होते, धुरात."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय झालं असतं? मूर्ख म्हणणं झालं असतं. जोशीबुवांना म्हणणं होतं तसं, आत्याबाईंना, नानाला, सगळ्यांना."

म्हटलंच असतं मी.

दोन महिने वारा मोजला. कोणी सांगितला होता? तिला वाऱ्याचं कोडं कधी पडलंच नव्हतं. तिला तिचे हात दिसत होते.

मी म्हटलं, "पण त्यात तुझा काय दोष? ताप होता गावात."

"आता इकडूनही हातानंच आणणं झालं," ती म्हणाली. रागानं नाही. जरा जवळ सरकली असं वाटलं. मग: "नानाच्या बाळाला काही झालं नाही तर मी येईन. त्याच घरात येईन."

झालं तर? हे मी विचारलं नाही, ती बोलली नाही. तिनं पदर सोडला. पाखरू पालापाचोळ्यात उतरलं, दोन पानं उलटसुलट केली आणि किडा खाल्ला. त्याला काय.

तात्यांनी मला घरात घेतलं नाही. घर सोडून सगळे शेजारच्या वाड्यात राहणार म्हणाले. मी संध्याकाळच्या गाडीनं परत.

ज्येष्ठ शुद्ध ५

रात्रभर खा. मतलई नाही.

साहेबानं विचारलं, गावात म्हणे अपूर्व पाखरं पडली, एकही मला का नाही आणलंत? म्हटलं, चिमण्या होत्या. जोशीबुवांचंच वाक्य. तोंडातून गेल्यावर कळलं.

मारीबायची नातवंडं धडधाकट. सकाळी मुद्दाम चेंदणीला जाऊन आलो. दोन्ही चिखलात खेळत होती. धाकट्याच्या कपाळाला हात लावून बघितला. मारीबाय बघतच राहिली. "ताप नाय दादा, खेळून गरम झालाय."

ज्येष्ठ शुद्ध ६

नानाचा गडी सकाळी आला. बाळाचं अंग काल रात्रीपासून किंचित गरम आहे. नानानं निरोप धाडला, काळजी करू नका, दात येत असतील. यशोदेनं वेगळा निरोप दिला नाही. मूल मांडीवर घेऊन बसली आहे.

दात! सात महिन्यांचं मूल, दातच येत असणार. वारा ओला, घर बदललं, नवी जागा. कुणालाही कसर येईल. मी लिहितो ते बरोबरच आहे.

कचेरीतून येताना जोशीबुवांच्या दारावरून गेलो. परत आलो, पुन्हा गेलो. काय करणार होतो देव जाणे. शांतीचं सामान विचारणार होतो की काय? मी!

बुवाच बाहेर आले. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा माणसासारखा बघितला. लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे त्यांची, सातवा महिना. पाखरू शिरलं तेव्हा ती देवघरातच फुलं निवडत होती.

हळू आवाजात म्हणाले, "वाऱ्यानंच येतं ना हो ते? नक्की?"

"वाऱ्यानंच," मी म्हटलं.

"तुम्ही पाहिलंत ना? बरीच पडली होती?"

"बरीच."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं आता ते मला म्हणतील, तुमचंही काही होणार नाही. तसं काही म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. दोघंही तिथे बराच वेळ उभे होतो, दोन म्हातारी गाढवं.

ज्येष्ठ शुद्ध ७

वारा तोच. लिहायचाही कंटाळा.

कचेरीत गेलो नाही. डोकं दुखतं म्हणून कळवलं.

न्हाणीची चूल पेटवली, धूर माजघरात. ओरडलो नाही. ओरडायला घरात आहे कोण? परसात मोगऱ्याच्या मागे पाखरू शीळ घालतंय, दोन सुरांची. पहाटेपासून चाललंय. आवाज गोड आहे, हे आत्ता पहिल्यांदा ऐकतोय.

माळ्यावरून पाळणा काढला. पुसला. दोऱ्या बघितल्या. मग परत वर ठेवला. का काढला आणि का ठेवला, दोन्ही मला सांगता येणार नाही. आत्याबाईंनी बघितलं असतं तर आषाढाचीही वाट बघितली नसती.

म्हणून टाकतो एकदाच. यशोदे, ये. बाळ बरं असो, नसो, ये. शांत करायची तर करू. घर बदलायचं तर बदलू. बुवा सांगतील तेवढ्या वेळा पळीत पाणी घेईन. मला वाऱ्याचं काही कळत नाही.

हे तिला सांगायला हवं होतं, लिंबाखाली. इथे लिहून उपयोग नाही.

कल्याणची गाडी आली, शिटी झाली. स्टेशन फार लांब नाही. नानाचा गडी असेल तर निरोप घेऊन भरभर येईल. ती असेल तर हळू येईल. कोपऱ्यावरच्या विहिरीपाशी पदर सावरायला थांबेल, नेहमी थांबते.

पावलं वाजताहेत गल्लीत. भरभर की हळू, या वाऱ्यात काही समजत नाही.